होडी बांधायची, पण कुठली?

शिडाची होडी स्वतः बांधता येते हे कळलं की सुरुवातीचे दिवस फार सुखाचे जातात. रोज रात्री नवा आराखडा बघायचा, त्यात मनातल्या मनात बसून यायचं आणि झोपून जायचं. ना पैसे लागतात, ना धूळ उडते. पंचाईत होते ती त्यातला एक निवडायची वेळ आली की. मी जानेवारीत बघायला लागले आणि आराखड्याचे पैसे भरले थेट सप्टेंबरात. बांधणी पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात संपली आणि नोंदणीचा कागद अलीकडेच हातात पडला. बांधणीबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. त्याआधीच्या निवडीच्या महिन्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे लिहितेय.

माझी तयारी किती होती ते आधी सांगते, म्हणजे पुढचं आपल्याला कितपत लागू पडतं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. सुतारकाम म्हणाल तर शेल्फं आणि एक पलंग. पटाशीला धार लावता येते, रंधा बऱ्यापैकी सरळ चालतो. शीड चालवायला एका छोट्या डिंगीवर शिकले होते, वाऱ्यावर उलटणं आणि पुन्हा सरळ करणं दोन्ही झालेलं. होडी बांधण्याचा अनुभव शून्य. बरोबर येणारी माणसं दोन: नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी.

पहिली यादी केली त्यात सगळ्या होड्या सहा मीटरच्या होत्या. छोटी केबिन, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, वर दोन शिडं. बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात असं पुढे लक्षात आलं. आराखड्यावरचं चित्र बाजूने काढलेलं असतं आणि बाजूने बघितलं तर साडेचार आणि सहा मीटरमध्ये फरक फार वाटत नाही. पण होडी लांबीबरोबर रुंदीत आणि खोलीतही वाढते. त्याच आकाराची होडी 4.7 मीटरवरून 6 मीटरवर नेली तर तिचं आकारमान आणि वजन दुपटीच्या थोडं वर जातं. त्या मानाने प्लायवुड, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून होणारा पक्का गोंद), रंग आणि घासकाम वाढतं; शीड वाढतं, शीड वाढलं की दोरखंड आणि कप्प्या वाढतात.

आणि त्या जास्तीच्या लांबीचा वेग किती मिळतो? पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाचा एक जुना ठोकताळा आहे: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला 1.34 ने गुणायचं, की वेग नॉट्समध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल ते येतं. साडेचार मीटरच्या पाणरेषेला सव्वापाचच्या जरा आत, सहा मीटरच्या पाणरेषेला सहाच्या आत. पाऊण-एक नॉटसाठी दुप्पट होडी बांधायची. हे गणित कागदावर मांडल्यावर केबिनचा सोस अर्धा गेला.

उरलेला अर्धा मोजपट्टीने घालवला. ज्या शेडमध्ये काम करायचं होतं तिची आतली लांबी सहा मीटरला थोडी कमी आणि रुंदी तीन मीटर. होडीच्या चारही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा हवी. निदान अर्धा मीटर धरावी. त्याशिवाय होडी एकदा तरी उलटी करावी लागते, तळ बसवायला किंवा बाहेरून काचतंतूचं कापड चढवायला. उलटताना ती कुशीवर उभी राहते, म्हणजे तेवढ्या वेळापुरती तिची रुंदी ही उंची होते आणि वरचं छत मोजावं लागतं. शेवटी दार. दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा, दार उघडून मोजा, बिजागरीकडून फळी किती आत येते तेही धरा. माझं दार होडीची रुंदी 1.8 मीटरच्या आत ठेवा म्हणत होतं. यादीतल्या निम्म्याहून अधिक होड्या त्या एका मापाने बाद झाल्या.

फेब्रुवारीत एक काका भेटले. वयाच्या साठीनंतर त्यांनी सहा-सात मीटरची एक भारदस्त होडी बांधली होती, रंगरंगोटी देखणी, आत गाद्यासुद्धा. मी विचारलं, “काका, पाण्यात किती वेळा जाते?” ते हसले. “अगं, हिला पाण्यात घालायला चार माणसं लागतात आणि चारही एका रविवारी मोकळी सापडत नाहीत. मी तेव्हा म्हटलं, सगळी येतील, बसायला जागा हवी. येतं कोण? मी आणि फार तर तुझी काकू. तू पाहुण्यांच्या हिशेबाने होडी बांधू नकोस.” मग त्यांनी मला दुसरी, लहान होडी दाखवली, जी ते खरंच वापरत होते. तिचा काठ जागोजागी खरचटलेला होता.

त्यानंतर मी प्रश्नांचा क्रम बदलला. आधी जागा आणि दार. मग होडी पाण्यापर्यंत जाणार कशी: ट्रेलरवरून उतारावर, की उचलून वाळूवरून? मग एरवी बसणार किती जण. बांधणीची पद्धत त्यानंतर. रूप सगळ्यात शेवटी. रूपाला शेवटी ठेवणं जड गेलं हे खरंच सांगते, पण या क्रमाने गेलं की यादी आपोआप आखडत येते आणि उरलेल्यांपैकी कुठलीही आवडली तरी चालते.

मार्च आणि एप्रिल बांधणीच्या पद्धती समजून घेण्यात गेले. हौशी माणसाच्या आवाक्यातल्या प्लायवुडच्या तीन पद्धती मला सांगण्यासारख्या वाटतात.

पहिली शिवण-जोडाची. प्लायवुडचे तुकडे आराखड्यातल्या मापाने कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, मग आतून सांध्यात चिकट लगदा आणि काचतंतूची पट्टी बसवायची. ही पद्धत घरोघर पोचवली ती ‘मिरर’ डिंगीने. 1962 साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली, ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने तिचा पुरस्कार केला म्हणून नाव मिरर आणि शिडं लाल. लांबी फक्त 3.3 मीटर. आजवर सत्तर हजारांवर बनल्या आणि त्यांतल्या कितीतरी अशा लोकांनी बांधल्या ज्यांनी आधी होडी बांधली नव्हती.

दुसरी पद्धत चौकटींची. आडव्या चौकटी आणि आतले पडदे, म्हणजे होडी आतून विभागणाऱ्या आडव्या फळ्या, आधी तयार करायचे, त्यांच्याभोवती दोन्ही बाजू वाकवून आणायच्या, पुढे आणि मागे मिटवायच्या, मग उलटं करून तळ बसवायचा. सपाट तळाच्या होडीला हे फार सोपं जातं. वेगळा साचा लागत नाही. चौकटीच साचा होतात. अमेरिकेत फिल बोल्जर आखायचा आणि हॅरॉल्ड पेसन बांधून दाखवायचा, त्या जोडीने या पद्धतीवर कित्येक साध्या होड्या लोकांपुढे ठेवल्या.

तिसरी एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांची. स्कॉटलंडचे इयन ऑट्रेड यांच्या होड्या बघितल्या की माणूस हीच पद्धत म्हणून बसतो. उलटा साचा उभारायचा, त्यावर पट्ट्या चढवत जायच्या, प्रत्येक पट्टीची कड खालच्या पट्टीला बसेल अशा कोनात रंध्याने उतरवायची. कोन पट्टीभर बदलत जातो, पुढच्या टोकाकडे तर भराभर. जमणार नाही असं नाही. पहिल्याच होडीला वेळ मात्र दुप्पट धरावा लागेल असं मला वाटलं आणि शेड तेवढा काळ माझ्या ताब्यात नव्हती.

मे महिन्यात नक्की उमेदवार चार उरले. मिरर. न्यूझीलंडच्या जॉन वेल्सफर्ड यांची नॅव्हिगेटर, साडेचार मीटरची, मागे छोटी दुसरी डोलकाठी असलेली. फ्रान्सच्या फ्रांस्वा व्हिव्हिए यांची इलूर, 4.44 मीटर, रुंद पोटाची, भरवशाची. आणि ऑस्ट्रेलियाच्या मायकेल स्टोरर यांची गोट आयलंड स्किफ: 15 फूट 6 इंच, म्हणजे 4.72 मीटर लांब, दीड मीटर रुंद, सपाट तळ, एकच मोठं शीड, सांगाड्याचं वजन साठ किलोच्या आतबाहेर.

त्या 15 फूट 6 इंचांबद्दल जरा थांबते, कारण आराखडे वाचायला मला तिथे शिकायला मिळालं. प्लायवुडची प्रमाणित फळी 2.44 मीटर लांब असते. दोन फळ्या टोकाला टोक जोडल्या की 4.88 मीटर. सांध्यासाठी उतार काढला तर जाडीच्या आठपट लांबी त्यात जाते, सहा मिलिमीटरला 48 मिलिमीटर. बाजूची फळी वाकलेली असते, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, तिरकी कापावी लागते, त्यात आणखी थोडी जाते. म्हणजे साडेपंधरा फुटांची होडी दोन फळ्यांत बसते आणि सतरा फुटांच्या होडीला तिसरी फळी, दुसरा सांधा, भरपूर तुकडा वाया. चांगला आराखडाकार हे आधी बघतो. कुठल्याही आराखड्यात फळ्यांवर तुकडे कसे मांडलेत त्याचं पान आधी उघडा. ते पान नसेल तर सामानाचा अंदाज तुम्हालाच काढायचा आहे असं समजा.

पूर्ण आराखडा घेण्याआधी बरेच आराखडाकार थोड्या पैशांत पाच-सहा पानांचा अभ्यास-आराखडा देतात. मी तीन घेतले आणि हा खर्च मला सगळ्यात स्वस्त पडला असं आज म्हणेन. त्याबरोबर एक जुना पूर्ण आराखडा एका ओळखीच्यांकडे बघायला मिळाला. सुंदर रेषा, पण मापं नुसत्या तक्त्यात, ‘2-3-5’ अशी. याचा अर्थ दोन फूट, तीन इंच आणि इंचाचे पाच अष्टमांश. ती मापं घेऊन होडीच्या रेषा आधी जमिनीवर पूर्ण आकारात आखायच्या, लवचीक पट्टी लावून सरळ करून घ्यायच्या आणि मग त्यावरून चौकटींचे आकार उचलायचे. हे काम करणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी तो आराखडा परत केला.

अभ्यास-आराखड्यांत मी काय शोधत होते? चौकटींची तयार मापं. कामाचा क्रम शब्दांत लिहिलेला. सुकाणू आणि डॅगरबोर्ड (होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून तळातून खाली घालायची फळी) यांच्या छेदाचा आकार पूर्ण मापात. डोलकाठीचं लाकूड किती जाड, कुठे निमुळतं. शीड शिवणाऱ्याला देण्यासाठी वेगळं पान. आणि हवेचे बंद कप्पे आराखड्यातच आहेत का, की ‘सोयीनुसार’ म्हणून सोडून दिलेत. उलटल्यावर होडी तरंगत राहणं हे सोयीवर सोडायचं काम नाही. मिररमध्ये हे कप्पे होडीच्या अंगातच आहेत आणि लहान मूल बरोबर असताना तिचा हा गुण फार मोठा वाटला.

जूनमध्ये मी प्रत्येक होडीचा आराखडा देणाऱ्याला तोच प्रश्न ईमेलने पाठवला: तीन जण, त्यांतलं एक मूल, उथळ वाळूचा किनारा, पहिलीच होडी, तुमची ही होडी चालेल का? एकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यात ‘मूल पुढे बसवू नका, मधल्या फळीवर बसवा’ इथपर्यंत तपशील. एकाचं तीन आठवड्यांनी आलं, तेही चांगलं. एकाकडून काहीच आलं नाही. चौथ्याच्या संकेतस्थळावरची माहितीच इतकी भरघोस होती की विचारायला फार उरलं नव्हतं. बांधणीत अडल्यावर रात्री अकराला जो प्रश्न पडणार आहे त्याचं उत्तर कुठून येईल, ते या ईमेलांमुळे आधीच कळतं. वाट बघायला लागली तरी हे करा.

शिडाच्या प्रकारावर मी पोटतिडकीने बोलू शकते, पण आवरतं घेते. उंच त्रिकोणी शीड वाऱ्याच्या जास्त जवळ जातं, हे बरोबर. त्याला उंच डोलकाठी लागते, तिला तिन्ही बाजूंनी तारा, तारांना ताण द्यायची खिट्टी, होडीच्या अंगात त्या तारा पेलणाऱ्या पट्ट्या. हे सगळं विकत घ्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी उभारावं लागतं. स्किफला असतं ते चौकोनी लग शीड, वरच्या आणि खालच्या वाशावर ताणलेलं, थोडं डोलकाठीच्या पुढे येणारं. डोलकाठी छोटी, तारांशिवाय, भोकात उभी केली की झालं. वर ओढायची एक दोरी आणि खाली ताणायची एक दोरी. ती खालची मात्र करकचून ताणावी लागते, नाहीतर शिडाला तिरकी सुरकुती पडते आणि होडी वाऱ्याकडे जायला नाक मुरडते. वासे होडीच्या आत मावतात, ट्रेलरच्या मागे काही लोंबत नाही. नवशिक्याला हे बरं, असं माझं मत झालं आणि अजून आहे.

जुलैत पुठ्ठ्याची मॉडेलं केली. प्रमाण 1:10. हे प्रमाण धरलं की सहा मिलिमीटरच्या प्लायवुडला 0.6 मिलिमीटरचा पुठ्ठा बरोबर बसतो आणि पुठ्ठा एकाच दिशेने वाकतो, प्लायवुडसारखाच; जिथे तो रुसतो तिथे प्लायवुडही रुसणार. स्किफच्या बाजू तीन चौकटींभोवती वाकवताना नाळेजवळ चिकटपट्टी सुटत होती. म्हणजे तिथे खऱ्या होडीत जोर लागणार, क्लॅम्प आणि दुसरं माणूस हाताशी हवं. तसंच झालं. पट्ट्यांच्या होडीचं मॉडेल करायला घेतलं ते चौथ्या पट्टीपाशी सोडलं, आणि मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यातच मिळालं.

याच सुमारास जमिनीवर चिकटपट्टीने होडीची पूर्ण आकारात रेघ मारली, आतल्या बैठकींच्या जागी स्टुलं ठेवली आणि तिघं जाऊन बसलो. मिररच्या रेघेत मी आणि मुलगी मजेत, नवरा आला की गुडघ्याला गुडघा. मुलगी म्हणाली, “आई, शीड इकडून तिकडे आलं की बाबांचं डोकं कुठे जाणार?” मिरर तिथे गळाली. दोघांनाच जायचं असतं तर मी डोळे मिटून तीच घेतली असती.

ऑगस्ट हिशेबाचा. प्रत्येक उमेदवाराची सामानाची यादी घेऊन दुकानातून भाव काढले आणि एका तक्त्यात भरले. इथे एक गोष्ट चटकन दिसली. लाकूड आणि इपॉक्सी मिळून, म्हणजे नुसती होडीची काया, एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. बाकीचं शीड, दोऱ्या, कप्प्या, रंग, सुकाणूचं लोखंडी सामान, ट्रेलर, जीवरक्षक जाकिटं. आराखड्याची किंमत तीन-चार टक्के. तेव्हा आराखडा स्वस्त मिळतो म्हणून होडी निवडू नये आणि महाग म्हणून सोडूही नये. यंत्रावर कापून आलेल्या तयार तुकड्यांचा संच मिळतो, त्याचाही भाव काढला. कापण्याचं काम वाचतं, पण वाहतूक धरल्यावर आकडा लाकडाच्या किमतीच्या कितीतरी वर गेला. ज्याच्याकडे वेळ कमी आणि पैसे बरे आहेत त्याने संच जरूर बघावा, त्यात कमीपणा काही नाही.

भाव काढताना प्लायवुडची ओळखही झाली. ‘मरीन’ असा शिक्का कुणीही मारतो. बीएस 1088 हे ब्रिटिश प्रमाण ज्यावर असतं त्यात आतल्या थरांत फारशा पोकळ्या नसतात आणि गोंद उकळतं पाणी सहन करणारा असतो. शंका असली तर हातभर तुकडा मागून घ्या, कडा बारकाईने बघा, मग तासन्‌तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा आणि पटाशी घालून थर सुटतात का बघा. मी दोन दुकानांतले तुकडे असे उकळले. एकाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडले.

सप्टेंबरात पैसे भरले ते गोट आयलंड स्किफचे. कारणं आता अंदाजाने कळली असतीलच: दारातून जाते, दोन मोठी माणसं उचलून थोडं सरकवू शकतात, चौकटींची पद्धत, साधं शीड, आणि सूचनांची पानं भरपूर. तिचे तोटेही लिहून भिंतीवर लावले होते. वर झाकण नाही, त्यामुळे लाट आत येते. सपाट तळ तोकड्या लाटांवर सरळ गेला की आपटतो. थोडी कलती ठेवली की कड पाणी कापते आणि आवाज थांबतो. रिकामी असताना डगमगते, माणसं बसली की स्थिरावते. आणि जवळजवळ पावणेदहा चौरस मीटरचं शीड नवख्या हाताला जास्त आहे, तेव्हा पहिला मोसम वारा वाढायच्या आधीच शीड आखूड करायचं. इलूर घेतली असती तर यातले दोन-तीन तोटे नसते. वजन आणि पट्ट्यांचं काम मात्र आलं असतं. असे सौदे प्रत्येक होडीत आहेत.

आराखडा फाइल स्वरूपात आला. परवाना एका होडीचा, हे पैसे भरताना स्पष्ट लिहिलेलं होतं. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय काढून शंभर टक्क्यांवर छापा आणि पहिल्या पानावरचं एखादं माप मोजपट्टीने ताडून बघा. छपाईच्या दुकानात सवयीने तो पर्याय चालूच असतो आणि दोन-तीन टक्क्यांची घट डोळ्याला कळत नाही. माझी पहिली प्रत अशीच आली, परत करून नवी घेतली. इंच आणि मिलिमीटर दोन्ही दिलेले असतील तर एकच धरा आणि दुसऱ्यावर पेन्सिलीने काट मारा.

बांधणीबद्दल थोडंच लिहिते, कारण निवडीचा कस तिथे लागतो तेवढंच इथे कामाचं आहे. लाकडाला हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर चार-पाच सांधे करून मोडून बघितले. लाकूड फाटलं आणि सांधा टिकला की पुढे जायचं. इपॉक्सीचं प्रमाण मापाने वेगळं असतं आणि वजनाने वेगळं, डब्यावर दोन्ही बघा. मिसळलेलं द्रव खोल भांड्यात ठेवून दिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरकटतं आणि वाया जातं. पसरट ताटलीत ओतून ठेवा. हातमोजे पहिल्या दिवसापासून, कारण त्वचेला एकदा वावडं झालं की ते जन्मभर राहतं. थंडीत इपॉक्सी आळसावतं आणि त्या दिवसांत मी डोलकाठी आणि वल्ह्यांचं काम पुढे ओढलं. बाजू चौकटींभोवती मिटल्या त्या संध्याकाळी होडी होडीसारखी दिसायला लागली, आणि हे कामाच्या पहिल्या चतुर्थांशातच झालं. हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे, माणसाचा धीर टिकतो. पुढचे तीन चतुर्थांश घासण्यात जातात.

शीड शिवून यायला सहा आठवडे लागले. मागणी आधी नोंदवून ठेवलेली बरी.

सांगाडा पूर्ण झाल्यावर दोन वजनकाट्यांवर टोकं टेकवून मोजला तर 66 किलो भरला. जास्तीचे किलो बहुतेक इपॉक्सीचे असावेत, पहिल्यांदा बांधणारा ती सढळ हाताने लावतो. होडी जिथे तरंगायला हवी तिथेच तरंगली, दोन बोटं इकडेतिकडे.

शेवटचा टप्पा नोंदणीचा. नियम देशागणिक वेगळे आहेत. कुठे इंजिन नसलेल्या लहान होडीला नोंदणीच लागत नाही, कुठे लागते. युरोपीय संघात स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या होडीला कारखान्याच्या होड्यांसारखं प्रमाणपत्र लागत नाही, पण ती पाण्यात उतरल्यापासून पाच वर्षांच्या आत त्या प्रमाणपत्राशिवाय बाजारात विकायला काढता येत नाही. पुढेमागे विकायचा विचार असेल तर हे असे नियम आराखडा घेण्यापूर्वी वाचा. शिवाय ओळखीच्या आराखड्याची होडी गिऱ्हाइकालाही समजते. मला लागलेले कागद असे: आराखड्याच्या परवान्याची पावती, प्लायवुड आणि इपॉक्सीची बिलं, बांधणीच्या टप्प्यांचे तारखेसह फोटो, स्वतः बांधल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लांबी-रुंदीची नोंद. पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाकत गेले होते म्हणून निभावलं.

अर्ज एकदा परत आला. ‘निर्माता’ आणि ‘मालक’ या दोन्ही रकान्यांत एकच नाव आहे, खुलासा करावा, आणि निर्मात्याच्या कारखान्याचा पत्ता द्यावा, असा शेरा होता. मी शेडचा पत्ता लिहिला आणि बाजू मिटतानाचा फोटो पुन्हा जोडला. महिनाभर उत्तर नाही. मग तपासणीला एक गृहस्थ आले, त्यांनी हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडून आत हात घालून बघितला, लांबी मोजली, आणि मुलीला “तू पण बांधलीस का?” म्हणून विचारलं. तिने घासकागद धरून सुजलेली बोटं कशी होती याचं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर दहा दिवसांत क्रमांक आला.

तो क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना, ठरावीक उंचीच्या अक्षरांत, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या रंगात लावायचा असतो. काठाखालच्या लाकडी पट्टीमुळे माझ्याकडे तेवढी सपाट जागा जेमतेम उरली. तुम्ही पट्टी बसवण्याआधी अक्षरांची उंची विचारून घ्या.